न निघालेली धिंड

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी परांजप्याचा फोन. चहा अजून कपातच होता. "साळवे, तुझी मुलगी आमच्या हद्दीत फौजदार होऊन आली तेव्हा मी पेढे खाल्ले होते. आता ये आणि माझ्या गाडीच्या काचा कुठवर उडाल्यात ते बघून जा."

धायरीहून बस बदलत गेलो. त्याच्या सोसायटीच्या भिंतीलगतची एकही गाडी धड नाही. रात्री तिघे कोयते घेऊन आले, ओरडत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वाटेतल्या काचा फोडत. कशासाठी, तर पलीकडच्या गल्लीतल्या कुणाला तरी दाखवून द्यायचं होतं म्हणे.

प. आवाजाने गॅलरीत आला होता. दिव्याखाली तिघांची तोंडं स्पष्ट दिसली त्याला. त्यातल्या एकाने मान वर करून याच्याकडे पाहिलं. हे तो पुन्हापुन्हा सांगत होता. "पळाला नाही रे. बघत उभा राहिला."

शाळेत याचं गणित, माझं मराठी. हा जिन्यात दिसला की वर्ग चिडीचूप व्हायचा. आज काचा गोळा करताना तो झाडलेलीच जागा झाडूने पुन्हापुन्हा झाडत होता. मी दुसरीकडे पाहिलं.

आमची लेक मित्रा ड्यूटीमुळे दोन दिवस घरी नाही. मेसेज आला, "जेवले. काळजी नको." म्हणजे जेवली नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तिघेही सापडले. एकोणीस-वीसची पोरं.

प.च्या सोसायटीच्या ग्रुपवरचं सगळं तो मला पाठवतो. कालपासून एकच प्रश्न: धिंड कधी? हल्ली ही रीतच झाली आहे. ज्या गल्लीत फोडाफोडी केली तिथेच आणायचं, हात दोरीला बांधून, अनवाणी, आणि दर फाटकापुढे हात जोडून "चुकलं" म्हणायला लावायचं. कागदावर त्याला घटनास्थळाचा पंचनामा म्हणतात. लोक गॅलऱ्यांतून टाळ्या वाजवतात, मोबाइलवर घेतात, संध्याकाळपर्यंत शहरभर होतं. मि.च्या ठाण्यात जगदाळे हे वरिष्ठ निरीक्षक आल्यापासून दर वेळी. माणूस कडक, स्वच्छ. लोक खूश आहेत.

खरं लिहायचं तर मलाही वाटलं, जाऊन बघावं. तो झाडू डोळ्यांपुढून हलत नाही. हिला म्हणालो तसं.

"जा की," ही म्हणाली. "टोपी घालून जा, ऊन असतं. आणि फोन चार्ज करून न्या."

हिच्या बोलण्यात टाचणी कुठे असते ते इतक्या वर्षांनीही आधी कळत नाही. टोचल्यावर कळतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

गेलो होतो. टोपी घालून.

दहापासून माणसं खाली. एका आजींसाठी खुर्ची आणून ठेवलेली. तिथले एक पुढारी भाऊ पोलिसांच्या सत्कारासाठी हार घेऊन आले होते, दोन पोरं सावली धरायला. वरातीची वाट पाहावी तसं सगळं. ऊन चढलं. हार कोमेजायला लागला. कुणीतरी ठाण्यात फोन लावला. तिकडून उत्तर: पंचनामा झाला.

"झाला म्हणजे?"

मग रखवालदार पुढे आला. उजाडायच्या आधीच गाडी आली होती म्हणाला. तिघांच्या तोंडावर काळं कापड. कुठून आले, कुठे गेले, विचारून घेतलं, लिहून घेतलं. तो आणि दूधवाला पंच. "मॅडमना चहा विचारला तर नको म्हणाल्या. गेल्या लगेच."

"कुठल्या मॅडम?"

"साळवे मॅडम."

तिथे मला ओळखणारा प. एकटाच. तो माझ्याकडे वळला. "आमचा मुहूर्त चुकला वाटतं," एवढंच म्हणाला, आणि वर गेला. मला वर ये म्हणाला नाही.

भाऊंनी हार एका फुटक्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मि. आली. आधी झोपली. उठून जेवायला बसली तेव्हा मी विचारलंच.

तिचं म्हणणं असं. परांजपे काकांनी तोंडं पाहिली आहेत. म्हणजे पुढे येरवड्याच्या जेलमध्ये ओळखपरेड होणार. तहसीलदार त्या तिघांना त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या पोरांमध्ये उभं करतील आणि काकांना म्हणतील, दाखवा. त्याआधीच गल्लीतून फिरवलं तर वकील कोर्टात म्हणेल, यांनी तर यांना धिंडीत पाहिलंय, ओळखणारच. संपली केस. म्हणून तोंडं झाकून, अंधारात.

माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. कायद्याचं कारण आहे. भक्कम.

"एवढंच ना?" मी म्हणालो. विचारायला नको होतं.

भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग म्हणाली, "नाही. एवढंच नाही." थांबली. "मागच्या खेपेला दोर माझ्या हातात होता, बाबा. त्यातल्या एकाची पँट ओली झाली भर रस्त्यात. लोक हसले. मीही हसले. खोटं नाही, खरंच हसू आलं मला."

हिने भाजी वाढायला डाव उचलला होता. परत ठेवला.

ताट धुऊन आल्यावर मि. म्हणाली, "हे घरात राहू दे. बाहेर फक्त ओळखपरेड."

मंगळवार, १० फेब्रुवारी

संध्याकाळी मि.ला सोडायला तिच्या ठाण्यातली रेश्मा शेख आली होती. हवालदार. गुरुवार पेठेतली, अस्सल पुणेकर. मि. कपडे बदलायला आत गेली तशी ही रेश्माला म्हणाली, खरं सांग.

"काय सांगू काकू. मॅडमच्या डब्याला कुणी बसत नाही आता. आधी सगळे एकत्र बसायचो, यांची भाजी त्यांना, त्यांची चटणी यांना. परवापासून मॅडम आल्या की एकेकाला फोन येतो."

"आणि तू?"

"मी बसते. मला कुणी फोन करत नाही."

मेमो मिळाला आहे. वरिष्ठांच्या तोंडी आदेशाप्रमाणे का वागला नाहीत, खुलासा करावा. मि.ने ओळखपरेडचं कारण लिहून दिलं.

निघताना दारात रेश्मा आणखी एक बोलली. ती तिन्ही पोरं ज्या वस्तीतली, त्यावरून कुणीतरी म्हणालं होतं, मॅडमना त्यांचा पुळका येणारच, आपली माणसं. रेश्मा गेल्यावरही ही बराच वेळ दाराची कडी धरून उभी. आमच्या घरी बुद्धवंदना होते, हे ठाण्यात कुणाला कधी खटकलं नव्हतं. म्हणजे, कुणी बोललं नव्हतं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

झोप नाही. अशा वेळी मी कविता म्हणतो मनात, शाळेच्या चालीवर. सहावीच्या पुस्तकात एक नदीची होती. पहिलं कडवं, दुसरं कडवं, तिसऱ्यात अडकलो. वर्षानुवर्षं साठ पोरांकडून म्हणवून घेतलेली कविता. मधल्या सुट्टीनंतरचा तास, पश्चिमेच्या खिडकीतून बाकांवर उतरलेलं ऊन, आणि सगळा वर्ग एका आवाजात डुलतोय. शेवटच्या बाकावरचे नुसते तोंड हलवायचे, ते मला कळायचं, मी बोलायचो नाही.

किती सोपं होतं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मि.ला कंट्रोल रूमला टाकतील, असं ऐकतो. किंवा निलंबन. एकदा शेरा पडला की पुढे दर बढतीला तो आधी वाचला जातो. बाप म्हणून मी काय करतोय? कविता आठवतोय.

जगदाळ्यांना भेटून यावं. माणूस सरळ आहे असं सगळेच म्हणतात. दोन शब्द. मि. उद्या कोर्टात आहे.

हिला सांगायचं नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

क्रमाने लिहितो.

नाव सांगितल्यावर लगेच आत बोलावलं. उभे राहिले, "सर, बसा." टेबलावर काच, काचेखाली एका म्हातारीचा फोटो, भाजीच्या हातगाडीपाशी. माझी नजर गेलेली पाहून म्हणाले, "आई. मार्केट यार्डाबाहेर बसायची. एक जण येऊन गाडी उलटी करून जायचा. त्याची लहर लागली की. आम्ही भावंडं रस्त्यातून टोमॅटो वेचायचो. मग एका हवालदाराने त्याला धरलं आणि भर बाजारात उठाबशा काढायला लावल्या. त्यानंतर आईची गाडी कधी उलटली नाही. मी पोलीस खरं तर त्या दिवशी झालो."

चहा आला. "माझ्या पैशांचा आहे, सर. इथे फुकटचा चहा मी बंद केलाय."

मला माणूस आवडला. तिथेच घोटाळा झाला.

म्हणाले, "मॅडमनी ओळखपरेडचं कारण दिलंय. कायद्याने बरोबर आहे. मला आधी विचारायला हवं होतं, एवढंच. वर तसं कळवून टाकतो."

म्हणजे मिटलं होतं. उठून नमस्कार करायचा आणि बाहेर पडायचं. पण मला भरून आलं, आणि भरून आलं की मी वर्गात उभा असल्यासारखा बोलतो. मि. पाचवीत असताना हरणाची कविता पाठ होती तिला, पण शिकाऱ्याच्या कडव्यापाशी थांबायची, पुढे म्हणायचीच नाही, हे सांगितलं. ती लहानपणापासून अशी, हे सांगितलं. आणि मग, "ओळखपरेड वगैरे आहेच हो साहेब, पण खरं म्हणजे तिला ते बघवत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे ओळखपरेडीचा प्रश्न नसता, तरी त्यांनी हेच केलं असतं?"

मी गप्प. साठ वर्षांच्या पुढच्या माणसाला नाही म्हणता येऊ नये?

"मग हा कायद्याचा प्रश्न नाही, सर," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "उद्या माझा प्रत्येक शिपाई मला सांगेल, त्याला काय बघवतं आणि काय नाही. तुमची मुलगी स्वतःच्या मनाला जपतेय. मी लोकांच्या झोपेला जपतोय."

दारापर्यंत सोडायला आले. रिक्षा बोलावून दिली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

मि. आज हसत होती. फोनवर कुणाशी तरी. वाटतं मिटेल, म्हणाली आईला.

रविवार, १५ फेब्रुवारी

नाही जमलं. सकाळी ती गॅलरीत हिच्या कुंड्यांपाशी बसली होती पेपर घेऊन. जवळ गेलो. "बाबा, काय हवंय?" काही नाही म्हणालो. पाण्याची झारी घेऊन सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं. हिने आधीच घातलं होतं. सगळीकडे चिखल.

सोमवार, १६ फेब्रुवारी

उपायुक्तांपुढे ओ.आर., म्हणजे ऑर्डर्ली रूम, निघाली. त्यांच्यापुढे टोपी घालून ताठ उभं राहायचं आणि विचारतील त्याची तोंडी उत्तरं द्यायची. तिथल्या तिथे शिक्षा होऊ शकते.

मि. आल्या आल्या बूटही न काढता म्हणाली, "जगदाळे साहेबांनी लिहिलंय, कृत्य वैयक्तिक भावनेतून. हे वैयक्तिक कुठून आलं? मी तर कुठेच..."

सांगितलं. उभ्याउभ्याच. ठाण्यात गेलो होतो, चहा, हरणाची कविता, सगळं.

ती खुर्चीवर बसली. एका बुटाची नाडी सोडली, दुसऱ्याची तशीच.

"हरणाची कविता सांगितलीत त्यांना?"

"हो."

"बाबा, त्या कडव्यापाशी मी रडायचे म्हणून नाही थांबायचे. मला पुढचं पाठ नसायचं."

हे मला आज कळतंय. इतकी वर्षं मी ते किती जणांना सांगितलं असेन.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आधी दोन उत्तरं होती माझ्याकडे. सोयीचं पुढे करत होते. आता एकच राहिलं." मग दुसरी नाडी सोडली. "चला, निदान तोंडपाठ करायला नको."

ही रात्री माझ्याशी बोलली नाही. फक्त, "पांघरूण घ्या, थंडी आहे."

शुक्रवार, २० फेब्रुवारी

काल शिवजयंतीचा बंदोबस्त, पहाटेपासून उभी. आज ओ.आर.

आम्ही दोघं दुपारपासून गॅलरीत. रिक्षा थांबली की उठायचं. शेवटी आली ती चालत, कोपऱ्यावर उतरून. तिने सांगितलं तसं लिहितो.

उपायुक्तांनी विचारलं, "पुन्हा अशी वेळ आली आणि ओळखपरेडचा प्रश्नच नसला, तर?"

"पंचनाम्याला नेईन, सर. फिरवणार नाही. दोर धरणार नाही."

"आदेश असला तरी?"

"लेखी मागेन, सर."

मग साहेब जगदाळ्यांकडे वळले. ते म्हणाले, "अधिकारी चांगली आहे, सर. तपास हिच्याइतका ठाण्यात कुणाचा नाही. पण हिचं बघून आणखी दोन शिपाई माझ्याकडे आले, म्हणाले आम्हालाही त्या ड्यूटीला नका लावू. आज दोन, उद्या दहा. मी ठाणं चालवायचं कसं?"

कोण ते दोघं, मि.लाही ठाऊक नाही. तिच्याशी तर रेश्मा सोडून कुणी बोलत नाही. एवढं सांगताना तिचा आवाज जरा वेगळा झाला.

निकाल नाही. उपायुक्त म्हणाले, "ओळखपरेड होऊ दे. साक्षीदार आला, त्याने ओळखलं, तर तुमच्या म्हणण्याला काही आधार आहे. तो भीतीने आलाच नाही, तर जगदाळे म्हणतात तेच खरं. लोकांच्या मनातली भीती तशीच ठेवून तुम्ही कायदा तेवढा सांभाळला. मग बघू तुम्हाला कुठे पाठवायचं ते."

साक्षीदार म्हणजे परांजपे.

मी फोनकडे हात नेला तशी मि. म्हणाली, "नाही, बाबा. काकांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही. माझ्या बदलीचं नाही, साहेब काय म्हणाले ते नाही. साक्षीदारावर दडपण आणायचं नाही. या वेळी खरंच नाही."

ही म्हणाली, "त्यांच्या तोंडाला मी चिकटपट्टी लावते."

रविवार, २२ फेब्रुवारी

प.कडे गेलो. नुसता. जायचं नाही असं मि. म्हणाली नव्हती.

गाडीला नवी काच. गॅलरीचं दार बंद, पडदा ओढलेला, भर दुपारी दिवा. कपडे आता खोलीत वाळतात. बसायला जागा करायला त्याने खुर्चीवरचा ओला टॉवेल उचलला.

"येरवड्याचं बोलावणं आलंय," तो म्हणाला. "बुधवारी. जाणार नाहीये. तुझ्या मुलीला सांग, गणिताच्या मास्तरांची तब्येत बरी नाही."

टॉवेल दोरीवर टाकून तो परत वळला.

"ती पोरं आज ना उद्या जामिनावर सुटणार. गल्ली तीच, मी तोच. ओळखपरेडीत मी एक वेळ काचेआड असेन, पण कोर्टात त्यांना दिसेनच." मग पडद्याकडे बघत, "त्या दिवशी त्याने वर पाहिलं ना, ते जात नाही रे. मान खाली घालून गेला असता या गल्लीतून, मी वरून बघितलं असतं, तर पुसलं गेलं असतं ते. कोर्ट-बिर्ट नंतर. तेवढं मला हवं होतं. तुझ्या मुलीने ते होऊ दिलं नाही."

मि.चं चुकलं असं म्हणवत नाही, आणि याचं खोटं आहे असंही म्हणवत नाही. हा काही टाळ्या वाजवणाऱ्यांतला माणूस नव्हे. याला फक्त गॅलरी परत हवी आहे.

जिभेवर सगळं होतं. बाबा रे, तिचं सगळं तुझ्यावर अडलंय. चहाचा घोट घेतला. भाजलं तोंड.

"काय रे," प. म्हणाला, "शिक्षकखोलीत कुणी नसलं तर कपाटाला कविता ऐकवायचास. आज मौन का?"

"घसा बरा नाही."

"मग तर पुण्यात पाऊस पडेल."

निघालो. जिन्यात कठड्याला धरून थोडा उभा राहिलो. गप्प बसायला इतकं बळ लागतं हे ठाऊक नव्हतं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मि.च्या टेबलावर आवराआवर चालू आहे म्हणे, रेश्मा हिला सांगत होती. कुणी सांगितलेलं नाही, तीच आपली कागद लावतेय. नवा कुणी आला तर त्याला सापडावेत म्हणून.

जेवताना प.चा फोन.

"उद्या मोकळा आहेस?"

"आहे."

"येरवड्याला यायचंय बरोबर. आत नको. फाटकापर्यंत." मग, "ओळखेन असं समजू नकोस. जाईन म्हणतोय, इतकंच. आणि का जातोस असं विचारू नकोस, मला माहीत नाही."

विचारलं नाही.

मि.ला सांगितलं, काका जातायत. तिने मान हलवली. तुम्ही काही बोललात का, असं तिच्या डोळ्यांत होतं. मी नाही म्हणालो. तिने विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

प.ने इस्त्रीचा शर्ट घातला होता, शाळा तपासणीच्या दिवशी घालायचा तसा. बसमध्ये एक शब्द नाही. फाटकाशी नाव सांगितलं, ओळखपत्र दाखवलं, आत गेला. मागे वळून पाहिलं नाही.

समोर बाक आहे, झाडाखाली. भेटीला आलेल्यांची गर्दी. एक बाई सरकली, मला जागा दिली. चाळिशीची असेल. मांडीवर पिशवी, पिशवीत वर दिसणारा टॉवेल आणि बिस्किटं.

"आत न्यायला देत नाहीत," ती म्हणाली, "तरी आणते." थोड्या वेळाने, विचारलं नसताना, "पोरगा हाय माझा आत. गाड्या फोडल्या त्यानं."

मी नुसतं बरं म्हणालो.

"मी सोसायट्यांतच कामाला. त्यातल्याच एकीच्या खाली गोंधळ घातला. मला वाटलं, आता धिंड निघणार, अन् सगळ्या बायका बघणार कुणाचा पोरगा ते. मग कोण दारात उभं करील मला? त्या दिवशी कामावर गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर कुणाला काही ठाऊकच नाही. धिंड निघालीच नाही म्हणे. माझी कामं टिकली." पिशवीचे बंद सारखे करत म्हणाली, "कुणी तरी मॅडम होती. घाबरली असंल गर्दीला."

माझी मुलगी, हे दोन शब्द दातांपर्यंत आले. गिळले.

"लवकर सुटू नये असं वाटतं मला कधी कधी," ती हळूच म्हणाली. "आई असून. घरात कोयता ठेवतो तो. हे कुणाला बोलत नाय मी." मग माझ्याकडे पाहिलं, "तुम्ही कुणासाठी?"

"मित्राबरोबर आलोय."

ऊन बाकावरून पलीकडे गेलं. एक पोलीस गाडी आत गेली, एक बाहेर आली. मधूनमधून ती उठून फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. मी मनात ती नदीची कविता सुरू केली, पहिल्या कडव्याच्या पुढे गेलोच नाही. एकदा वाटलं, प.ने ओळखावं. शेजारी बसलेल्या बाईच्या अंगाला अंग लागत होतं, आणि मला तेच वाटत होतं.

फाटकातलं लहान दार उघडलं. प. बाहेर आला. नजरेने मला शोधलं, दोन पावलं टाकली आणि थांबला. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत.

ती उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला.

"तू कुलकर्ण्यांकडे येतेस ना?" प. म्हणाला. "आमच्या खालच्या मजल्यावर."

"होय, काका."

"इथे कशी?"

तिने सांगितलं नाही. फाटकाकडे पाहिलं फक्त. प.ने तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि मी उठलो होतो त्या जागेवर बसला. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घाम.

आत काय झालं, मी विचारलं नाही. मि.चं बजावणं होतं, आणि नसतं तरी विचारलं नसतं.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी. पुलावर गर्दीत गाडी अडकली. तेव्हा पहिल्यांदा बोलला, बाहेर बघतच.

"साळवे, उद्या ती कामाला येईल का रे?"

त्याच्या थांब्यावर तो उतरला, हात वर केला, गर्दीत गेला.

आता संध्याकाळ. तहसीलदारांचा ओळखपरेडीचा कागद आज ठाण्यात जाईल किंवा उद्या. मि. अजून आलेली नाही. ही कुकर लावून दाराशी उभी आहे, आणि मी आतून विचारतोय, आली का.